फुटपाथवरचं गाव

जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घ्या. इथला वारा बाराही महिने समुद्रावरून थेट अंगावर येतो. साल १९२४. तुम्ही आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, स्कोलावोर्दुस्तिगुर नावाच्या चढाच्या रस्त्यावर उभे आहात. राजधानी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते बाजूला ठेवा. हे वीसेक हजार वस्तीचं बंदराचं गाव आहे. लाकडी घरांवर नालीदार पत्रे ठोकलेले, हवेत मासळीचा वास, आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला नावाने हाक मारतो.

समोरची दगडी इमारत नीट पाहून घ्या. खाली तुरुंग आणि त्याच इमारतीत वर देशाचं सर्वोच्च न्यायालय. याच वर्षी या गावात गुद्मुंदुर सिगुर्योन्सोन या माणसाला आठ महिन्यांची कैद सुनावली गेली. तो मल्ल होता. ग्लिमा या आइसलँडच्या जुन्या कुस्तीचं प्रात्यक्षिक दाखवायला १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला होता. पुढे कॅनडात राहिला, आणि १९२० मध्ये अँटवर्पला आइस हॉकीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या विनिपेग फाल्कन्स संघाची तयारी त्याने करून घेतली होती. त्या संघातले बहुतेक खेळाडू आइसलँडहून कॅनडात गेलेल्यांची मुलं होती. म्हणजे गावाने मिरवावा असा माणूस. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याचे पुरुषांशी संबंध होते. आइसलँडच्या इतिहासात असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमाखाली शिक्षा झालेला तो एकटाच.

१९४० मध्ये नवी दंडसंहिता आली, तेव्हा तिच्यात हे कलम नव्हतं. ते गेल्याचा आनंद करायला कोणी रस्त्यावर उतरलं नाही, कारण आनंद झालाय हे कबूल करायचीही सोय नव्हती. कलम गेलं. गप्प बसण्याची सवय मात्र कुठल्याच संहितेत लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती रद्दही होऊ शकली नाही.

आता पुढे चला. पस्तीस वर्षं.

ऑगस्ट १९७५. चढ तोच, पण वर टेकडीवर हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चचा उंच मनोरा उभा आहे आणि त्याच्या पाठीमागचा भाग अजून बांधकामात आहे. घराघरात जमिनीखालचं कढत पाणी नळाला येतं, त्याला गंधकाचा वास आहे. गुरुवारी देशातला टीव्ही बंद असतो. कडक दारू मिळते, बिअर मिळत नाही. बिअरवरची बंदी उठायला १९८९ उजाडणार आहे. शहराची वस्ती आता ऐंशी हजारांच्या वर गेलीय, आणि सगळा देश धरून जेमतेम सव्वादोन लाख माणसं आहेत.

उतरून खाली या, लोयगावेगुर या मुख्य बाजाररस्त्यावर. कोपऱ्यावरच्या टपरीत सिगारेटी, चॉकलेटं आणि मासिकं टांगली आहेत. त्यातलं ‘सामुएल’ मासिक उचला. आत होर्दुर तोर्फासोनची मुलाखत आहे. वय २९. गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारा, नाटकात कामं करणारा, देशभर लाडका असलेला कलावंत. त्याची गाणी टपरीवाल्याला पाठ असतील. या मुलाखतीत तो आपण समलिंगी असल्याचं सांगतो. आइसलँडमध्ये हे असं, स्वतःच्या नावानिशी, चारचौघांत याआधी कोणी बोललेलं नाही.

मासिक हातात घेऊन थोडा वेळ इथेच थांबा आणि लोकांकडे बघा. पुण्याच्या जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला हे गाव लगेच कळेल: कुणाच्या चुलीवर आज काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक, आणि न बोलता ठाऊक असणं हाच तिथला शिष्टाचार. या देशात टेलिफोनची डिरेक्टरीसुद्धा आडनावाने नाही, पहिल्या नावाने लावलेली असते. कुणालाही कुणाचाही नंबर दोन मिनिटांत सापडतो. होर्दुरने मोडला तो हा शिष्टाचार. लोकांना आधी संशय नव्हता असं नाही. त्याने तो संशय त्यांच्या तोंडासमोर धरला.

कामं आटतात. रस्त्यात शिव्या पडतात, मारहाण होते, जिवे मारण्याच्या धमक्या येतात. एकही पोलिस त्याला अटक करू शकत नव्हता, कारण पस्तीस वर्षं तसा कायदाच नव्हता. त्याला शिक्षा गावाने केली. तो कोपनहेगनला निघून गेला. त्या काळात आइसलँडच्या कितीतरी समलिंगी मुलामुलींची हीच वाट होती: गावात गुदमरलं की डेन्मार्क.

आता फक्त दोन महिने पुढे या, कारण हे पाहिल्याशिवाय रेक्याविक कळणार नाही. २४ ऑक्टोबर १९७५, शुक्रवार. लायक्यारतोर्ग चौकात पाय ठेवायला जागा नाही. आज देशातल्या नव्वद टक्के बायकांनी काम थांबवलंय. ऑफिसातलंही आणि घरातलंही. मासळीचे कारखाने ओस, शाळा बंद, दुकानांतून सॉसेज संपलेले, कारण नवऱ्यांना तेवढंच शिजवता येतं. या चौकात पंचवीस हजार बायका उभ्या आहेत. तुमच्या डावीकडे बँकेतली कारकून, उजवीकडे मासे कापणारी बाई आणि तिची सासू.

मी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ विचार केलाय. ऑगस्टमध्ये एका माणसाला एकटं पाडणारं गाव ऑक्टोबरमध्ये असं एकदिलाने रस्त्यावर येतं. म्हणजे ताकद होती. रस्त्यावर उतरायचं कसं, हे या गावाला पक्कं माहीत होतं. फक्त कोणासाठी उतरायचं, याची यादी अजून तोकडी होती.

होर्दुर परत आला. ९ मे १९७८ ला त्याच्याच घरी वीसेक माणसं जमली आणि ‘साम्तोकिन ७८’ ही संस्था सुरू झाली. तुम्हाला आत जाता येईल, दार लोटलेलं आहे. पण आधी खिडकीचा पडदा ओढलेला आहे का ते बघा. इथे आलेल्यांतले काही जण घरी खोटं सांगून आले असतील. समोर बसलेला माणूस आपल्या ओळखीचा निघाला की दोघांचेही चेहरे आधी उतरतात आणि मग खुलतात. त्याच उन्हाळ्यात, या खोलीशी काहीही संबंध नसलेली एक बाई संसदेवर निवडून गेली. पूर्वी विमानात हवाई सुंदरी होती, कामगार संघटनेत काम केलेली, लग्न झालेली, मुलं असलेली. नाव योहान्ना सिगुर्दारदोत्तिर. हे नाव लक्षात ठेवा.

ऐंशीचं दशक झपाट्याने ओलांडू. १९८० मध्ये या देशाने विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष केलं. थेट मतदानाने निवडून आलेली जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष. आणि याच देशाच्या रेडिओने साम्तोकिनच्या जाहिरातीतले समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री यांच्यासाठीचे शब्द हवेवर वाचायला नकार दिला. मग एड्स आला. एवढ्याशा गावात आजारपण लपत नाही, आणि ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं त्यांच्या घरच्यांना हॉस्पिटलच्या खाटेशेजारी सगळं एकदम कळलं.

जून १९९३. इथे मात्र सावकाश चला.

शहराच्या मध्यवस्तीत, फुटपाथवर उभे राहा. दुकानं उघडी आहेत, पाऊस पडेल न पडेल असं आभाळ. दूर कुठेतरी आवाज येतोय आणि वळणावरून एक लहानसा घोळका दिसतो. सत्तरेक माणसं. हातात फलक. चालण्यात मिरवणुकीचा डौल नाही. एकमेकांना चिकटून चालताहेत, मधली जागा मुद्दाम भरून काढल्यासारखी, म्हणजे सत्तरचे ऐंशी तरी दिसावेत. रेक्याविकच्या समलिंगी लोकांचा हा पहिला मोर्चा.

आता तुमच्या आजूबाजूला बघा. कोणी ओरडत नाही. कोणी दगड मारत नाही. आइसलँडची माणसं तशी अबोल. ती फक्त बघतात. पण बघणारे कोण आहेत? तो चष्मेवाला गृहस्थ रस्त्यातल्या एका मुलीचा गणिताचा मास्तर असू शकतो. ती पिशव्या घेऊन थांबलेली बाई मोर्चातल्या कुणाच्या तरी आईची मैत्रीण. आज संध्याकाळी फोन होईल. मुंबईसारख्या महानगरात मोर्चात चालून लोकल पकडून माणूस आपल्या उपनगरात विरघळून जाऊ शकतो. इथे विरघळायला जागाच नाही. इथे मोर्चात पाऊल टाकणं म्हणजे डॉक्टर, न्हावी, मामा, बॉस, पाद्री, सगळ्यांना एकाच दुपारी सांगून टाकणं.

म्हणून त्या सत्तरांकडे नीट बघा. आकडा लहान म्हणून नजर पुढे जाऊ देऊ नका. माझ्या मते पुढे या शहरात जे जे झालं त्या सगळ्यापेक्षा ही दुपार मोठी आहे.

घोळका तुमच्या अगदी समोर आला. शेवटच्या रांगेत चालणारी एक मुलगी तुमच्याकडे बघते. तुम्ही फुटपाथवर आहात, ती रस्त्यावर. मधे फक्त फुटपाथची कड आहे, चार बोटं उंच. तुम्ही उतरू शकता. तुमच्या पोटात काय होतंय ते आठवून ठेवा. तुम्ही स्वतः समलिंगी असाल तर ती भीती निराळी, नसाल तर निराळी. पण ‘लोक मलाही त्यातलाच समजतील’ हा विचार आलाच असेल, तर तो येऊ द्या आणि त्याच्याकडे डोळे उघडून बघा. त्या मुलीने तो विचार आयुष्यभर उशाशी घेऊन झोप काढलीय.

मोर्चा पुढे जातो. तुम्ही उतरलात की नाही, हे तुमचं तुम्हाला माहीत.

पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, पुन्हा चालले. मग रस्ता रिकामा राहिला, पण दिवाणखान्यांत आणि संसदेत काम चालू होतं. २७ जून १९९६ ला समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा अमलात आला. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांच्या मागोमाग. १९९७ मध्ये पॉल ओस्कार हा उघडपणे समलिंगी असलेला गायक आइसलँडतर्फे युरोव्हिजन स्पर्धेत गायला. नंबर विसावा आला. पण त्या रात्री देशातल्या बहुतेक घरांत टीव्ही चालू होता आणि आजीआजोबांनी त्याला ‘आपला मुलगा’ म्हणून पाहिलं. १९९९ च्या जूनमध्ये इंगोल्फ्सतोर्ग चौकात खुला कार्यक्रम झाला, दीडेक हजार माणसं आली. संयोजकांना हुरूप आला. पुढच्या वर्षी ठरलं: मिरवणूक काढायची, आणि तीही ऑगस्टमध्ये, हवा जरा माणसांची असताना.

शनिवार, १२ ऑगस्ट २०००. ह्लेम्मुरच्या बस थांब्याजवळ या. इथून लोयगावेगुर जातो; एकेकाळी बायका धुण्याचं ओझं पाठीवर घेऊन याच वाटेने गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जात. आज या रस्त्याने उलट्या दिशेला, गावाच्या काळजाकडे निघायचंय.

ट्रक सजवलेले आहेत. म्हणजे मालवाहू ट्रकच, कागदी फुलं आणि रंगीत कापडं लावलेले. कुणाच्या पाठीला पंख आहेत, पिसं वाऱ्याने उडताहेत आणि दोघीजणी ती सावरताहेत. कुणी स्पीकर जोडतंय. कुणाच्या तरी तोंडून शंका निघते: रस्त्याला कोणी असेल ना बघायला? शंका रास्त आहे. सात वर्षांपूर्वीची ती दुपार इथल्या कित्येकांच्या अंगात अजून आहे.

चला. या वेळी तुम्ही रस्त्यावरच आहात. मीच तुम्हाला इथे आणून उभं केलंय.

पहिलं वळण घेतलं की दिसतं. माणसं. फुटपाथवर दोन्ही बाजूंना, पायऱ्यांवर, दुकानांच्या दारांत, वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत माणसंच माणसं. बाबागाड्या. खांद्यावर बसवलेली पोरं, त्यांच्या हातात छोटे इंद्रधनुषी झेंडे. नक्षीचे लोकरी स्वेटर घातलेले म्हातारे, कोळ्यासारखे जाड हात. आज बायकांनी चर्चला जाताना घालतात तसे चांगले कपडे घातलेत. आधी कोणीच काही करत नाही; तीच ती आइसलँडी अबोल नजर. मग कुठूनतरी टाळ्या सुरू होतात. त्या फुटपाथने फुटपाथने मिरवणुकीच्या पुढे पुढे धावत जातात.

तुमच्या पुढे चालणारा माणूस अचानक थांबतो. फुटपाथवर एक बाई हात हलवतेय, त्याच्या नावाने हाक मारतेय. त्याची मावशी असेल, शेजारीण असेल, जुनी बाई असेल शाळेतली. तो तिथेच रस्त्यात उभा राहून रडतो आणि मागची रांग त्याला वळसा घालून पुढे जाते. अशी हाक फक्त लहान गावातच ऐकू येते. न्यूयॉर्कच्या लाखोंच्या मिरवणुकीत तुम्हाला जयघोष मिळेल, रोषणाई मिळेल. पण फुटपाथवरून तुमच्या नावाने हाक मारायला तिथे कोण असणार?

त्या दिवशी बाराएक हजार माणसं जमली. शहराची वस्ती होती एक लाखाच्या थोडी वर. दर दहांतला एक माणूस घराबाहेर पडला होता. चाललेले थोडे होते. बाकीचे सगळे उभे होते, आणि त्या दिवसाचा अर्थ त्या उभ्या राहिलेल्यांनी ठरवला.

लहान गावाबद्दल आपण नेहमी एकच बाजू बोलतो: तिथे श्वास घेता येत नाही, प्रत्येकाचं लक्ष, प्रत्येकाची जीभ. ते खरं आहे; होर्दुरला त्यानेच हाकललं. पण जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथे ‘असे लोक’ ही दूरची जमात फार दिवस टिकत नाही. एकदा का दहा-वीस जणांनी तोंड उघडलं, की गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराला आपला कोणीतरी त्यात सापडतो. भाचा, वहिनीची बहीण, दाताचा डॉक्टर. मग ‘त्यांचा’ प्रश्न राहत नाही. ज्या ओळखीने गळा आवळला होता, तीच ओळख २००० साली झेंडा घेऊन फुटपाथवर आली.

त्यानंतर ही जत्राच झाली. मी हा शब्द जाणूनबुजून वापरतोय. नातवंडं घेऊन यायचं, गाड्यावर हॉट डॉग खायचा, पॉल ओस्कारचा रथ यंदा कसला आहे ते बघायचं. पुढच्या दशकात संयोजकांचे आणि पोलिसांचे अंदाज लाखाच्या आसपास जाऊ लागले. तेव्हा साडेतीन लाखही वस्ती नसलेल्या देशात. गर्दी वाढली तसा मार्गही बदलत गेला.

पण मला तुम्हाला आणखी एका ठिकाणी न्यायचंय, जिथे झेंडे नाहीत.

ऑक्टोबर २००८, शनिवारची दुपार. ऑस्तुरवोत्लुर चौक, संसदेच्या दगडी इमारतीसमोर. आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या आहेत. लोकांची आयुष्यभराची बचत, घरांची कर्जं, पेन्शन, सगळं हवेत. चौकात एक माणूस मायक्रोफोन घेऊन उभा आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारतोय, काय चाललंय या देशात? केस पांढरे झालेत, वय ६३. ओळखलंत? होर्दुर तोर्फासोन. दर शनिवारी तो इथे येतो, लोकांना बोलायला लावतो. आधी मूठभर येतात, मग शेकडो, मग हजारो. जानेवारीत लोक घरून भांडी आणि पळ्या घेऊन येतात आणि संसदेसमोर दिवसरात्र बडवतात. सरकार पडतं.

१ फेब्रुवारी २००९ ला नवं सरकार येतं. पंतप्रधान योहान्ना सिगुर्दारदोत्तिर. १९७८ पासून खासदार. त्यांची जोडीदार योनिना लेओस्दोत्तिर, लेखिका; दोघींनी २००२ मध्ये सहजीवनाची रीतसर नोंद केली होती. उघडपणे समलिंगी असलेली आधुनिक जगातली पहिली सरकारप्रमुख, असं परदेशी वर्तमानपत्रांनी मोठ्या मथळ्यांत छापलं. रेक्याविकच्या लोकांना त्या मथळ्याचं नवल वाटलं. त्यांच्यापुढे तेव्हा बुडालेल्या बँका होत्या, आणि ही बाई प्रामाणिक आहे एवढं त्यांना पुरेसं होतं.

तेहतीस वर्षांत न बोलता फिरलेलं हे वर्तुळ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवावं लागलं. ज्याला गावाने हाकललं, त्याच्याच हातातल्या माइकभोवती अडचणीच्या वेळी गाव जमलं.

११ जून २०१० ला संसदेने विवाहाचा कायदा सगळ्यांसाठी एक केला. बाजूने ४९, विरोधात शून्य. २७ जूनला तो लागू झाला आणि त्याच दिवशी योहान्ना आणि योनिना यांचं सहजीवन विवाहात बदललं. त्या ऑगस्टच्या उत्सवाला शहराचा नवा महापौर योन ग्नार बाईच्या वेशात, विग आणि लिपस्टिक लावून मंचावर आला. लोक हसले, आणि ते हसणं निर्मळ होतं. १९७५ च्या टपरीवर उभे राहून तुम्ही जे हसू ऐकलं असतं, त्याच्याशी याचं नातं नाही.

२०१५ मध्ये स्कोलावोर्दुस्तिगुर रस्त्यावर इंद्रधनुष्याचे पट्टे रंगवले गेले, लहानथोरांनी हाताला रंग लावून घेतला. २०१९ पासून ते कायमचे आहेत. पट्टे त्या जुन्या दगडी तुरुंगासमोरूनच जातात. २०१६ मध्ये तिथला शेवटचा कैदीही हलवण्यात आला. पर्यटक तिथे फोटो काढतात. त्यांतल्या बहुतेकांना गुद्मुंदुरचं नाव माहीत नसतं.

इथे गोष्ट संपवली तर ती खोटी होईल. २०२२ मध्ये याच देशात शाळकरी पोरं रस्त्याने जाणाऱ्या क्विअर मुलामुलींवर कुत्र्यासारखं भुंकू लागल्याच्या बातम्या आल्या. कायदे सगळे जागेवर होते. २०१९ मध्ये तर स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क देणारा कायदाही झाला होता. तरी पोरं भुंकली. ज्यांनी १९९३ पाहिलं नाही त्यांना रंगवलेला रस्ता हा फक्त रंगवलेला रस्ता दिसतो. म्हणून रेक्याविकचे लोक अजून दर ऑगस्टला बाहेर पडतात, आणि बाहेर पडायलाच हवं.

आता परत या. आपल्याकडे पुण्यात पहिली प्राइड मिरवणूक ११ डिसेंबर २०११ ला निघाली, नागपुरात २०१६ मध्ये. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं, म्हणजे आपलं १९४० झालं. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालातही मिळाला नाही. आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांत आजही कुणीतरी होर्दुर घरच्यांना काय सांगून पुण्या-मुंबईला निघावं याचा विचार करत बसलेला आहे. त्याचं कोपनहेगन एसटीने पाच तासांवर असतं, एवढाच फरक.

तुमच्या शहरात मिरवणूक निघेल तेव्हा कदाचित सत्तरच माणसं असतील. चालायचं धैर्य झालं तर चाला. नाही झालं तर घरातली पोरं, आई, सासरे, जे येतील त्यांना घेऊन फुटपाथवर उभे राहा, आणि ओळखीचं कोणी दिसलं तर नावाने हाक मारा.